गाव पाहायला आलेला माणूस

दिवाळीच्या सुटीत मी सर्व्हिस मोटारीने फिरत होतो. वाटेल तिथे उतरायचे आणि गाव पाहायचे, एवढाच बेत. रिसोडच्या पुढे पैनगंगेच्या दोन धारांमध्ये एक शांत गाव दिसले. गुडघाभर पाणी तुडवून तिथे पोचलो.

"कोनाकडं आले?" ओट्यावर बसलेल्या रुपाबाईने विचारले.

"कोणाकडेच नाही. गाव पाहायला आलो."

"गाव कोनी पायते का?" तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि शेजारी हाक मारली, "दौलतसिंग, बाज टाक रे!"

बाजेवर कोरी सतरंजी आली. निव्वळ दुधाचा चहा आला. मला शंका येऊ लागली. मग न विचारताच जमलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "दौलतसिंगाची हेमला कामाले लय चपळ हाय." दुसऱ्याने मान डोलावली. "पाय एकदम सरळ हायेत पोरीचे. कोनी काई सांगतलं असन, तर झूट हाय."

मी कुणाच्याच पायांबद्दल विचारले नव्हते.

परत निघालो, तेव्हा नदीकाठी एक मुलगी घागर ठेवून उभी होती.

"मी हेमला. तुमी पोराकडचे ना? चोरून चौकशी कराले आले."

"नाही हो, मी खरंच गाव..."

"पोराकडचे असंच सांगतेत." ती माझ्यासमोर चार पावले चालली. डावा पाय ओढत होती. "पाह्यलं? आताच सांगा त्याइले. लगन झाल्यावर समजलं, तं याच पायानं माहेरी परत यावं लागन."