इथलं पाणी

कोरिनाने काचेचा पेला खिडकीकडे धरला. आत्ताच डिशवॉशरमधून काढलेला, आणि तरी काचेवर पांढरट थर. पलीकडच्या टेकडीवरचे द्राक्षमळे त्यातून ताक सांडल्यासारखे दिसत होते.

"हे बघा आई, परत तेच. जाळी धुतली, पाणी उडवणारे पंखे सोडवून त्यांची भोकं टाचणीने कोरली, व्हिनेगर घालून रिकामं फिरवलं. आता काय पाया पडू याच्या?"

"जुनं झालंय," सासूबाई म्हणाल्या. "तिकडे चांगलं चालायचं."

हिल्केबाईंचं कुठलंही बोलणं हल्ली 'तिकडे'वर जाऊन थांबायचं. तिकडे म्हणजे जर्मनीच्या उत्तरेला, समुद्राकाठी. तिथून उन्हाळ्यात त्या इकडे वुर्त्सबुर्गला, लेकाच्या घरी तळमजल्यावर राहायला आल्या होत्या. येताना ओटा, कपाटं, डिशवॉशर, सगळं स्वयंपाकघर उचलून आणलं. त्यात नवल नाही, या देशात घर बदलताना सगळेच नेतात. पण त्यांनी चहासाठी गावच्या पाण्याचे कॅनही आणले, आणि लेक, ओनो, तिकडे गेला की ते निमूटपणे भरून आणतो. इथल्या क्षारांनी जड झालेल्या पाण्यात चहावर तवंग येतो, तो त्यांच्या घशाखाली उतरत नाही. इथले लोक देवाचं नाव घेऊन नमस्कार करतात, तेही उतरत नाही.

आज संध्याकाळच्या आत मामेनबाईंना फोन करायचा होता. या मामेनबाई म्हणजे जुन्या घराच्या मालकीण. परत यायचं असेल तर आज सांगा, उद्या मी घर दुसऱ्यांना देणार, असं त्यांनी कळवलं होतं. हिल्केबाईंच्या मनात काय आहे, ते त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. ओनो कामावर गेला होता. अशा दिवशी मुलगे कामावरच असतात.

कोरिनाला सासू राहायला हवी होती. लोक हसतील म्हणून हे ती मैत्रिणींनाही सांगत नसे. संध्याकाळी दमून घरी आलं की तळमजल्यावर दिवा दिसायचा, कुणीतरी आतून "आलीस का?" विचारायचं. तिला तेवढं फार वाटायचं.

ती जमिनीवर बसली. मशीनच्या तळाचं झाकण फिरवून तिने आत बोट घातलं. मीठ गच्च भरलेलं होतं.

"मीठ कधी भरलंत?"

"आले तेव्हा."

"आणि त्यानंतर?"

"लागलंच नाही."

कोरिना थबकली. या गावात पाणी मऊ करायला मशीनला मीठ लागतंच. वरच्या मजल्यावर, तिच्या घरी, ते बकाबका खातं. फक्त पाणी किती जड आहे ते मशीनला एकदा सांगून ठेवावं लागतं, मग ते त्या बेताने मीठ घेतं. तिने बटण दाबून धरलं. पट्टीवर आकडा उजळला. शून्य.

"अहो, हे तिकडच्याच मऊ पाण्यावर आहे अजून! एवढंच होतं बघा. बदलायचं राहून गेलं तुमच्याकडून."

"राहून नाही गेलं."

"म्हणजे?"

"माहीत आहे मला तो आकडा. मशीन माझंच आहे ना?"

"आणि मी इथे टाचणी घेऊन भोकं कोरतेय! बोलायचं तरी!"

हिल्केबाई टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा करू लागल्या. "परत नेलं की पुन्हा शून्यावरच आणायचं. मग उगाच कशाला हात लावायचा?"

कोरिनाच्या तोंडाशी झणझणीत उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं.

"म्हणजे आल्या दिवसापासून तुम्ही निघालेल्याच आहात," ती म्हणाली. "मला वाईट वाटलं, आई. खरंच सांगते."

अशा बोलण्याची हिल्केबाईंना सवय नव्हती. तिकडे कुणाला वाईट वाटलं तर माणसं हवेबद्दल बोलतात.

"वारा सुटलाय," त्या म्हणाल्या.

"सुटू दे."

कोरिना उठली. आकडा तिने बदलला नाही, मशीनचं दारही लावलं नाही. "तुमचं मशीन आहे, मी नाही हात लावणार," म्हणाली आणि सगळे पेले बेसिनमध्ये घेऊन व्हिनेगरच्या फडक्याने घासू लागली. पहिला पेला घासला, उजेडात धरला, पुन्हा घासला. वळून एकदाही बघितलं नाही.

हिल्केबाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग खुर्चीचा आधार घेत, आधी एक गुडघा मग दुसरा, मशीनसमोर खाली बसल्या.

"इथलं किती?"

नळ बंद झाला. "सात."

"आणि त्याच्या पुढे?"

"पुढे आकडाच नाही. सात सगळ्यात वरचा."

"वाटलंच मला."

त्या बटण दाबत गेल्या. एक. दोन. तीनवर बोट थांबलं, आणि थांबूनच राहिलं. कोरिना ओला पेला हातात धरून उभी होती. पाणी तिच्या कोपरावरून ओघळत होतं, तेही तिने पुसलं नाही. मग चार, पाच, सहा. सात.

"आता हे तिकडे नेलं तर तिकडे धड चालणार नाही," हिल्केबाई म्हणाल्या. "हो ना?"

आकडा परत शून्यावर आणायला चहाचा घोट घेण्याइतकाही वेळ लागत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"छे, नाही चालायचं," कोरिना म्हणाली. "साफ बिघडेल."

"मग इलाज नाही," म्हणत हिल्केबाईंनी हात पुढे केला. "उठव मला. मामेनबाई वाट बघत असतील."