खुशालरावासाठी प्रार्थना

खुशालराव मुकादम प्रार्थनेला आला तेव्हा जोडे काढायचे की नाहीत, हेच त्याला कळेना. देऊळ म्हणावं तर कळस नाही. अमरावतीच्या कापूस बाजारामागं, गोंडांच्या वस्तीच्या तोंडाशी एक चिंच, आणि तिच्याखाली अंथरलेली चार बारदानं. शेवटी त्यानं एकच जोडा काढला आणि दुसऱ्यासाठी उपदेशक नत्थुजींच्या तोंडाकडं पाहिलं.

ख्रिस्ती झालेले गोंड मोजून अकरा. ऐकणारे मात्र चाळिसाच्या आत कधी नसत. चिंचेला लागूनच गाडीरस्ता होता, आणि अमेरिकेत लढाई जुंपून तिकडचा कापूस थांबल्यापासून तिथं रविवारीसुद्धा कापसाच्या गाड्यांची रांग लागे. भाव चढा म्हणून पार पातूर-बार्शीटाकळीहून आलेले गाडीवान बसून बसून कंटाळत, आणि मैनाची प्रार्थना ऐकायला कान इकडं लावत.

मैना म्हणजे पुंजाची विधवा. होळीच्या सुमारास खुशालरावाच्या आवारात कापसाची गंजी पेटली होती. चिलीम खुशालरावाची, त्यानं नाव सांगितलं हमाल पुंजाचं. मैनानं डोळ्यांनी पाहिलं होतं, पण खटला चालवणाऱ्या साहेबापुढं तिला कोणी उभंच केलं नाही. पुंजा अकोल्याच्या तुरुंगात गेला आणि पावसाळ्यात तिथंच तापानं मेला.

बाप्तिस्मा दिल्यावर नत्थुजींनी तिला दोन गोष्टी शिकवल्या. वैऱ्यासाठी प्रार्थना कर, आणि मोघम करू नको. नत्थुजी पूर्वी कापसाच्या गाठींवर छाप मारायचे. छाप नसलेली गाठ मुंबईला पोचली तरी कोणाची ते समजत नाही, पापाचंही तसंच, असं ते सांगत. मैना मोठी आज्ञाधारक शिष्या निघाली. दर रविवारी ती हात जोडून, खणखणीत आवाजात देवाला विनवी की खुशालराव मुकादमाला क्षमा कर, चिलीम त्याची होती, नाव त्यानं माझ्या पुंजाचं घेतलं. पुढच्या रविवारी त्यात गंजी कोणत्या बाजूची ते येई. त्याच्या पुढच्या रविवारी, चिलीम कितव्यांदा भरली होती ते.

खुशालरावानं तिला आवारातून काढून पाहिलं. पण त्या वर्षी मजुरांचा इतका तोटा की दुपारच्या आत ती शेजारच्या आवारात लागली. मग त्यानं नत्थुजींना दटावलं. नत्थुजी म्हणाले, तिनं शिव्याशाप दिले असते तर मी त्याच दिवशी तिचं तोंड बंद केलं असतं. बाई तुमच्यासाठी क्षमा मागते, तिला अडवू कोणत्या तोंडानं? त्यातच परवा बार्शीटाकळीहून खुशालरावाच्या मुलीच्या सोयरिकीचा निरोप आला होता. मुलगी पसंत आहे, फक्त बाप म्हणजे तो प्रार्थनेतलाच का, एवढं कळवावं.

म्हणून आज तो स्वतः आला होता.

"मैनाबाई," तो म्हणाला. आजवर ती नुसती 'ए' होती. "तू मले शाप दे. बोटं मोड, माती फेक माह्यावर. पन माफी नको मागू वं."

"शाप देनं पाप हाये जी," मैना म्हणाली. "नत्थुजी रागावतीन."

"मंग किती दिस मागशीन अशी?"

"देव देईन तवरोक."

त्यानं नत्थुजींकडं वळून यातून सुटायची काही वाट आहे का, असं विचारलं. नत्थुजींना दया आली. ते म्हणाले, वाट आहे. पापी माणूस स्वतः गुडघे टेकून, आपल्या तोंडानं मागेल, तर त्याच्यावतीनं दुसऱ्या कोणी मागायची गरज उरत नाही. खुशालरावानं एकदा गाड्यांच्या रांगेकडं पाहिलं, मनातल्या मनात मुलीचं वय मोजलं, आणि दुसरा जोडा काढला.

मैनानं 'हे आमच्या बापा' म्हणून प्रार्थना सुरू केली आणि पुढचं त्याच्यावर सोडलं. अकरा माणसांनी माना खाली घातल्या. खुशालराव काहीतरी पुटपुटला.

"देवाले आयकू गेलं जी," मैना हळूच म्हणाली. "गाडीवाल्याइले नाई गेलं."

तो मोठ्यानं बोलला. चिलीम माझी होती म्हणाला. पुंजाचं नाव खोटं घेतलं म्हणाला. मागच्या गाडीवरून कोणीतरी विचारलं की हा बोलतो कोण, तेव्हा त्याला आपलं नाव, गाव, बापाचं नाव सगळं सांगावं लागलं. सांगताना आवाज फुटला. नत्थुजींचे डोळे भरून आले. एवढ्या दिवसांत एक खरा पश्चात्ताप पदरी पडला, असं त्यांना वाटलं.

आता राहिला होता फक्त 'आमेन'. प्रार्थना ज्यानं सुरू केली त्यानंच तो म्हणायचा आणि तोवर कोणी जागचं हलायचं नाही, ही नत्थुजींनीच घालून दिलेली शिस्त.

सगळे थांबले. पुढच्या गाड्या हलल्या, मागच्या त्यांच्या जागी आल्या. नव्या गाडीवानांनी विचारलं, काहून बसला हा असा? जुन्यांनी जाता जाता सांगितलं. नत्थुजींनी मान खालीच ठेवून दोनदा खाकरून पाहिलं. चिंचेची सावली सरकली आणि ऊन खुशालरावाच्या उघड्या मानेवर आलं.

सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मैनाचे मात्र ओठही मिटलेले होते.