ताणलेलं कातडं

चागो गेला त्या दुपारी त्याचा कोंगा ढोल ताणलेलाच राहिला. एरवी वाजवून झालं की तो कातडं सैल करायचा, नाहीतर हिटरच्या कोरड्या हवेत फाटतं. दफन उरकून आल्यावर बायकोने ते सैल करायला पाना हातात घेतला, तर शिष्य विल्फ्रेदो आडवा आला. "राहू द्या, काकू. अख्ख्या हार्लेमला लॅटिन जॅझ शिकवणाऱ्या हातांनी ताणलंय ते." तिने पाना ठेवला. नवव्या दिवशीच्या प्रार्थनेला घर भरलं होतं, ती स्वयंपाकघरात कॉफी गाळत होती. बाहेरच्या खोलीत ढोल कडाडला. "चागो, हळू रे," ती सवयीने ओरडली, "खालची म्हातारी येईल भांडायला." प्रार्थना थांबली. सगळे फाटलेल्या कातड्याकडे बघत राहिले. खालची म्हातारी त्यांच्यातच होती. ढोल वाजला की तिने जन्मभर झाडूने छत ठोकलं होतं. "वाजवू दे गं त्याला," ती म्हणाली, "मी काही म्हणणार नाही."