सुनेचा जामीन

"बोला, माझ्या सुनेला जामीन कोण राहतंय?" इंदुमतीताईंनी पुन्हा विचारलं. सतरंजीवरच्या एकाही बाईचा हात वर गेला नाही.

खुर्चीत बसलेल्या ताईंचा पाय नुसता हलत होता. महिलांची ही बँक त्यांनीच उभी केलेली. एकमेकींना जामीन राहायचं, जिचा हप्ता चुकेल तिच्या दारात जाऊन बसायचं आणि पैसे मिळेपर्यंत तिच्या घरचं घोटभर पाणीही घ्यायचं नाही, हा नियमही त्यांचाच. गेल्याच महिन्यात परदेशातल्या विकास बँकेत तो सांगून त्यांनी टाळ्या मिळवल्या होत्या. आज मिरची कांडपाच्या यंत्रासाठी त्यांची सूनच कर्ज मागत होती.

"तिच्यावर विश्वास नाही तुमचा?" ताईंचा आवाज चढला.

"पोरगी गुणाची आहे," म्हाताऱ्या शेवंताबाई म्हणाल्या. "पण हप्ता चुकला तर तुमच्या दारात येऊन बसायचं कुणी?"

"सगळ्याजणी या की! मी काय हाकलून देणार आहे?" ताई उसळल्या. "उलट चहा ठेवीन."

"तेच तर, ताई," शेवंताबाई हळूच म्हणाल्या. "तुमच्या चहाला नाही म्हणायची आमच्यात कुणाची छाती आहे?"