पडली तरच

एकट्या राहणाऱ्या आईच्या घरात त्याने स्वतः बनवलेले चार बिनतारी सेन्सर बसवले. काडेपेटीएवढे, स्वस्तातले. आई कुठेही पडली, की थेट त्याच्या फोनवर निरोप.

"आणि मी नाही पडले तर?" आईने विचारलं.

"तर ते गप्प बसतील. म्हणून तर बॅटरी पाच वर्षं टिकते."

"दिवसातून एकदा 'सगळं ठीक आहे' एवढंसुद्धा कळवणार नाहीत?"

"आधी कळवायचे. मीच ते काढून टाकलं. उगाच बॅटरी खातं, आई."

आई हसली. "तुझ्यावरच गेलेत रे हे."

तो निर्धास्त झाला. रविवारचा फोनही हळूहळू राहून जाऊ लागला. सेन्सर गप्प आहेत, म्हणजे आई ठीक आहे.

मग एका दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. "अरे, दारात पाच दिवसांचे पेपर तसेच पडलेत."

त्याने येऊन आतून बंद असलेलं दार तोडलं. आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती, मांडीवर फोन. बसल्या बसल्याच गेली होती.

सेन्सरची काहीच चूक नव्हती. ती पडलीच नव्हती.