संपर्कक्षेत्राबाहेर

मोबाइल कंपनी बायकोपेक्षा जपून निवडावी, असं युगांडातल्या मसाका शहरच्या लुबोवाचं ठाम मत होतं. जावयानं सासूसमोर येऊ नये, ही तिथल्या बुगांडा राज्याची रीत तो निष्ठेनं पाळायचा. पण रीतीत फोनचा उल्लेख नव्हता. दोघांची कंपनी एकच, बोलणं फुकट, त्यामुळे सासूबाई रोज तासभर त्याला वळण लावायच्या.

छत्रीखाली सिमकार्डं विकणाऱ्या बाईंना त्यानं विचारलं, "किंगो गावात कुठल्या कंपनीचा टॉवर नाही?"

"लोक टॉवर कुठे आहे ते विचारतात, दादा!"

"त्यांची सासू किंगोत राहत नसेल."

"मग हे घ्या, जावईबापू. सासूबाईंना हे सिम घेऊन उपयोगच नाही."



महिन्याभरात त्या कंपनीचा टॉवर किंगोत उभा राहिला. केळीची निम्मी बाग तोडून जागा सासूबाईंनी दिली, बिनभाड्यानं.