लपवलेलं नाव

"नाव दिसायलाच नको," हिंमतराव म्हणाले. "शेजारच्याला तर मुळीच नको."

विक्रमने नवा राउटर कुकरच्या रिंगांच्या खोक्यावर ठेवला होता. मोबाइलवर त्याची सेटिंग उघडून तो म्हणाला, "लपवलं, बाबा. आता कुणाच्याच मोबाइलवर दिसणार नाही. ज्याला नाव आणि पासवर्ड दोन्ही ठाऊक, त्यालाच मिळेल."

"पासवर्ड अवघड टाक."

"तुम्हालाही पाठ होणार नाही, असा टाकलाय."

हिंमतराव हसले नाहीत. शनिवार पेठेतल्या त्या इमारतीत त्यांचं कुकरदुरुस्तीचं दुकान, शेजारी इम्तियाजचं चष्म्याचं, मध्ये एक भिंत. वायफाय इम्तियाजचं, वापरायचे दोघं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की हिंमतराव मोबाइलवर कुस्त्या बघत आणि कोण जिंकलं ते भिंतीपलीकडे ओरडून सांगत.

मागच्या सोमवारी ते वायफाय मोबाइलवरून नाहीसं झालं. हिंमतराव स्वतः विचारायला गेले नाहीत. मुलाला पाठवलं. विक्रम परत आला आणि मान खाली घालून म्हणाला, "ज्याने त्याने आपापलं बघावं, म्हणाले चाचा."

तेव्हापासून भिंतीच्या दोन्ही बाजू गप्प होत्या.

"एवढं लपवायला झालंय काय त्याला?" हिंमतरावांनी विचारलं.

"बिल्डरचा माणूस दोनदा त्यांच्याकडे येऊन गेला." विक्रमने मोबाइलवरची नजर काढली नाही. "मी आपलं दिसलं ते सांगितलं."

बिल्डरला इमारत पाडायची होती. बहुमताला एकच सही कमी पडत होती. सही करायची तर दोघांनी, नाहीतर कुणीच नाही, असं दोघा मित्रांनी ठरवलं होतं. एकाने केली, तरी दोन्ही दुकानं जाणार होती.

"कागद आण," हिंमतराव म्हणाले.

कागद विक्रमच्या बॅगेतच होते. सही झाली. तो ते घेऊन लगेच बिल्डरच्या खराडीच्या ऑफिसकडे निघाला.

संध्याकाळी इम्तियाज दारात येऊन उभा राहिला.

"काय पैलवान, आठवडाभर निकाल नाही. महाराष्ट्रातल्या कुस्त्या बंद पडल्या का?"

"तूच पाडल्यास. नेट कापलंस."

"कापलं? अरे, समोरच्या क्लासची पोरं माझ्या पायरीवर बसून सिनेमे उतरवत होती. गिऱ्हाइकाला आत यायला वाट नाही. म्हणून नाव लपवलं, पासवर्ड बदलला."

"आणि मला वर निरोप. ज्याने त्याने आपापलं बघावं!"

इम्तियाज दारातून आत आला.

"मी? तुला?" तो म्हणाला. "तुला जमणार नाही, म्हणून नवा पासवर्ड त्याच दिवशी विक्रमला दिला. रोज विचारतो मी त्याला. आज सकाळीही म्हणाला, 'टाकलाय चाचा, बाबा कुस्त्याच बघतायत.'"